एका लॅबमध्ये ‘प्रेझेंट’, दुसऱ्या लॅबमध्ये ‘निगेटिव्ह’: काविळीत लघवीचा रिपोर्ट कसा वाचायचा?

पत्र

सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या बरगडीखाली जोरात कळ आली, दोन दिवसांत थांबली. त्यानंतर रात्री तळहात-तळपायांना खाज सुटते, लघवी बिनदुधाच्या चहासारखी होते. गावातल्या लॅबमध्ये लघवी तपासली, तर ‘बाइल सॉल्ट्स प्रेझेंट, बाइल पिगमेंट्स प्रेझेंट, युरोबिलिनोजेन नॉर्मल’ असा रिपोर्ट आला. पाच दिवसांनी तालुक्याच्या लॅबमध्ये तपासली, तिथे ‘बिलिरुबिन निगेटिव्ह, युरोबिलिनोजेन नॉर्मल’. नमुना सकाळी सहाला घेतला होता, ह्यांनी तो मोटरसायकलवरून नेऊन अकराच्या सुमारास दिला. सासूबाईंना सध्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्या आणि आवळ्याचा रस चालू आहे. डोळे अजून पिवळसर आहेत, संडासही पांढुरकी होते. घरचे म्हणतात, कावीळ उतरली. शेजारच्या गावात चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ काढतात, तिकडे न्यायचं चाललंय. पट्टी आणून घरीच रोज लघवी तपासता येईल का? आणखी एक: नणंद बाळंतपणाला आली आहे. बाळ पाच आठवड्यांचं आहे, त्याचेही डोळे किंचित पिवळे आहेत. सासूबाईंची कावीळ त्याला लागली असेल का?

एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, आधी निकडीचं. दुसऱ्या रिपोर्टवर विसंबून थांबू नका. साठीच्या पुढचं वय, बरगडीखाली उठून गेलेली कळ, रात्रीची खाज, गडद लघवी आणि पांढुरकी संडास हे सगळं एकत्र आलं की पित्त आतड्यापर्यंत पोहोचत नाही, वाटेत कुठेतरी अडलंय, असा संशय घ्यावाच लागतो. पित्ताशयातला खडा निसटून मुख्य पित्तनलिकेत उतरणं हे त्याचं सगळ्यांत नेहमीचं कारण. पण या वयात नलिकेच्या तोंडाशी किंवा स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ नाही ना, हेही पाहावं लागतं. यातलं काय आहे हे लघवीच्या तिसऱ्या रिपोर्टवरून कळणार नाही. त्यासाठी रक्ताची यकृत तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी हवी, आणि ती एक-दोन दिवसांत व्हायला हवी.

थंडी वाजून ताप आला तर मात्र एक दिवसही थांबू नका, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात न्या. अडलेल्या पित्तात जंतू वाढले की ते रक्तात पसरायला वेळ लागत नाही, आणि मग रक्तदाब कोसळतो. गुंगी येणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी संडास, पाणीही न ठरणाऱ्या उलट्या, यांतलं काही दिसलं तरी तेच करा.

आता दोन रिपोर्ट असे उलटसुलट का आले ते पाहू. ते समजलं की घरच्यांना पटवणंही सोपं जाईल.

रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून पिवळं बिलिरुबिन तयार होतं. हे कच्चं बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं आणि म्हणून मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली उतरत नाही. यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून विरघळणारं बनवतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. रक्ततपासणीत ‘डायरेक्ट’ लिहिलेलं असतं ते हे. आतड्यातले जिवाणू त्याचं युरोबिलिनोजेन बनवतात. त्यातल्या बऱ्याचशा भागाचं पुढे तपकिरी रंगद्रव्य होतं, संडासला रंग येतो तो त्यामुळे. थोडं युरोबिलिनोजेन आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं, त्यातलं बहुतेक यकृत परत उचलतं आणि उरलेलं अगदी थोडं लघवीतून जातं.

यावरून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. निरोगी माणसाच्या लघवीत बिलिरुबिन सापडत नाही. सापडलं तर ते थोडं असो की जास्त, कारण शोधायलाच हवं. उलट युरोबिलिनोजेन थोडं असतंच. ते वाढलं तरी त्याला अर्थ आहे आणि पार नाहीसं झालं तरी आहे.

सासूबाईंच्या पहिल्या रिपोर्टमधले ‘बाइल पिगमेंट्स’ म्हणजे हेच बिलिरुबिन. गावातल्या लॅबमध्ये ते बहुधा फूशेच्या पद्धतीने तपासलं असणार. ५ मिली लघवीत तेवढंच १० टक्के बेरियम क्लोराइडचं द्रावण घालतात. लघवीतल्या सल्फेटशी त्याचा संयोग होऊन पांढरा साका तयार होतो आणि बिलिरुबिन त्या साक्याला चिकटतं. साका गाळणकागदावर घेऊन जरा सुकू देतात आणि त्यावर फूशेच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाकतात. या द्रावणात ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल आणि फेरिक क्लोराइड असतं. बिलिरुबिनचं ऑक्सिडीकरण होऊन कागदावर हिरवा किंवा हिरवट निळा डाग उमटला की चाचणी ‘प्रेझेंट’. ५ मिलीतलं रंगद्रव्य साक्यावर एकवटत असल्यामुळे ही जुनी पद्धत पट्टीपेक्षा जास्त तीक्ष्ण आहे. लघवीत सल्फेट कमी असेल तर साका नीट बनत नाही. अशा वेळी अमोनियम सल्फेटचा थेंब घालावा लागतो. हे न करता कुणी ‘निगेटिव्ह’ लिहून टाकलं तर चूक होते. पण तुमच्याकडे उत्तर ‘प्रेझेंट’ आलंय, तेव्हा ती शंका नाही.

तालुक्याच्या लॅबमध्ये ‘बिलिरुबिन’ असा शब्द आहे, त्यावरून तिथे रसायन लावलेल्या दहा चौकोनांची पट्टी बुडवली असावी. पट्टीवरच्या डायझो नावाच्या रसायनाशी बिलिरुबिनची प्रक्रिया होते आणि लघवीत दर डेसिलिटरला साधारण ०.४ ते ०.८ मिलिग्रॅम बिलिरुबिन असेल तरच रंग बदलतो. म्हणजे पट्टी मुळातच जरा बोथट. त्यात तुमचा नमुना पाच तास बाहेर होता, बाटली पारदर्शक असेल तर वाटेत ऊनही लागलं असेल. उजेडात आणि हवेत बिलिरुबिनचं बिलिव्हर्डिन होतं. ते हिरवं असतं आणि पट्टीतल्या डायझोला प्रतिसाद देत नाही. तिसरी गोष्ट व्हिटॅमिन सीची. रोजच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीतलं शरीराला न लागणारं क जीवनसत्त्व लघवीत उतरतं. ते प्रमाण डेसिलिटरला २५ मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की ते डायझोची प्रक्रिया अडवतं आणि बिलिरुबिन असूनही चौकोन फिकट राहतो. आवळ्याच्या रसाने त्यात भरच पडते. अशी तीन कारणं एकाच नमुन्यात जमलेली असताना ‘निगेटिव्ह’वर भरवसा ठेवता येत नाही.

समजा तो ‘निगेटिव्ह’ खरा असेल, तरीही निश्चिंत होऊ नका. नलिकेतला खडा कधी कधी सरकतो. तोंडाशी बसला की पित्त अडतं, जरा वर तरंगला की वाट मोकळी होते, लघवी चार दिवस स्वच्छ होते आणि मग पुन्हा गडद. अशा चढउतारांमुळे माणसं महिनोन्‌महिने ‘उतरली, पुन्हा आली’ म्हणत बसतात आणि खडा तिथेच राहतो.

दोन्ही रिपोर्टमधल्या ‘युरोबिलिनोजेन नॉर्मल’ने तुमचा सगळ्यांत जास्त गोंधळ केला असणार. पट्टीवर या चौकोनाची सगळ्यांत खालची पायरी डेसिलिटरला ०.२ मिलिग्रॅमची असते आणि ०.२ ते १ हे नॉर्मल धरतात. शून्याची पायरीच पट्टीवर नसते. युरोबिलिनोजेन पूर्ण नाहीसं झालं तरी चौकोन खालच्याच पायरीवर राहतो आणि यंत्र किंवा तंत्रज्ञ ‘नॉर्मल’ लिहितो. पित्तनलिका पूर्ण बंद झाल्याची जी खूण लघवीत दिसायला हवी, नेमकी तीच पट्टीला दाखवता येत नाही. युरोबिलिनोजेन खरंच आहे की नाही हे पाहायचं तर परीक्षानळीतली एरलिखची चाचणी करावी लागते. १० मिली ताज्या लघवीत १ मिली एरलिखचं द्रावण घालून तीन ते पाच मिनिटांनी नळीत वरून खाली बघतात. फिकट गुलाबी झाक नॉर्मल. गडद लाल आलं तर लघवी पाण्याने पातळ करत जातात आणि १:२० च्या पुढेही गुलाबी रंग टिकला तर युरोबिलिनोजेन वाढलेलं. रंग अजिबात आला नाही तर नाहीसं झालेलं. मात्र लघवीत बिलिरुबिन असेल तर आधी बेरियम क्लोराइडने ते काढून घेऊन गाळलेल्या पाण्यावर चाचणी करायची असते, नाहीतर हिरवट रंग मध्ये येतो.

आणि ‘बाइल सॉल्ट्स’? हे पित्तातले क्षार. यांची तपासणी गंधकाच्या पुडीने होते, हे’ज टेस्ट म्हणतात ती. लघवी थंड होऊ देऊन तिच्यावर कोरड्या, बारीक गंधकाची चिमूट भुरभुरतात. साध्या लघवीवर पूड तरंगते. पित्तक्षार असतील तर पृष्ठताण कमी झालेला असतो आणि पूड बुडते. शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवून तिच्यावरही पूड टाकून बघणं गरजेचं. ही चाचणी फसते ती साबणामुळे. डबी किंवा नळी डिटर्जंटने धुतलेली असेल आणि नीट विसळली नसेल तरी पूड बुडते. लघवी टिकवायला घातलेल्या थायमॉलनेही बुडते. म्हणून फक्त ‘बाइल सॉल्ट्स प्रेझेंट’ असं कुणाच्या रिपोर्टवर आलं, बाकी सगळं ठीक आणि माणूस धडधाकट, तर घाबरून न जाता कोऱ्या डबीत नमुना पुन्हा द्यावा. सासूबाईंच्या बाबतीत पिगमेंट्सही आहेत आणि खाजही आहे, त्यामुळे इथे साबणावर खापर फोडता येणार नाही.

लघवीतल्या बिलिरुबिन-युरोबिलिनोजेनची जोडी संडासच्या रंगाबरोबर वाचली की आजार कुठल्या अंगाचा आहे याची दिशा मिळते. रक्तपेशीच जास्त मोडत असतील, उदाहरणार्थ विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये, तर डोळे पिवळे असतात पण लघवीत बिलिरुबिन नसतं, कारण वाढलेलं बिलिरुबिन कच्चं असतं. युरोबिलिनोजेन मात्र वाढतं आणि संडास गडद होते. गिल्बर्ट नावाच्या निरुपद्रवी प्रकारातही लघवीत बिलिरुबिन नसतं. यकृताला सूज असेल, म्हणजे हिपॅटायटिस, तर बिलिरुबिन असतं आणि युरोबिलिनोजेन बहुधा वाढलेलं. पित्तनलिका बंद असेल तर बिलिरुबिन भरपूर, युरोबिलिनोजेन नाहीसं आणि संडास शाडूच्या मातीसारखी.

हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात हिपॅटायटिस ऐन भरात असताना यकृतातल्या बारीक नळ्याही सुजतात आणि काही दिवस चित्र हुबेहूब अडथळ्यासारखं होतं. प्रतिजैविकं चालू असतील तर आतड्यातले जिवाणू मरतात आणि नलिका मोकळी असूनही युरोबिलिनोजेन दिसत नाही. म्हणून लघवीचं काम दिशा दाखवण्यापुरतं. सासूबाईंकडे ती दिशा पहिल्याच रिपोर्टमध्ये मिळाली होती.

आता रक्ताच्या तपासणीत काय करून घ्यायचं. एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, जीजीटी (ही चारही यकृत-पित्तमार्गाची एन्झाइम्स), अल्ब्युमिन, सोबत हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी खूप वाढलेले आणि एसजीपीटी बेताचं असेल तर अडथळ्याकडे बोट जातं. एसजीपीटी हजारांत असेल तर यकृताच्या सुजेकडे. पीटी-आयएनआर लॅबवाले पुष्कळदा सुचवत नाहीत, तुम्ही मागून घ्या. पित्त आतड्यात नसलं की के जीवनसत्त्व शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला उशीर होतो. पुढे दुर्बिणीने खडा काढायचा तर हा आकडा आधी माहीत हवा. वाढलेला असेल तर डॉक्टर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देऊन तो आटोक्यात आणतात.

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं, साधं पाणी चालतं. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि त्यातले खडे नीट दिसत नाहीत. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन असेल तर उपाशीपोटी काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट हाती आला की दोन ओळी शोधा: सीबीडी, म्हणजे मुख्य पित्तनलिका, किती मिलिमीटर आहे आणि आयएचबीआर, म्हणजे यकृतातल्या पित्तनळ्या, फुगल्या आहेत का. सीबीडी साधारण ६ मिलिमीटरपर्यंत नॉर्मल धरतात, वयानुसार आणि पित्ताशय काढलेलं असेल तर थोडी जास्त असते. नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमागे लपतं, त्यामुळे तिथला खडा सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. ‘खडा दिसत नाही’ आणि ‘नलिका फुगलेली आहे’ अशी दोन वाक्यं एकाच रिपोर्टवर असतील तर दुसरं महत्त्वाचं. त्यानंतर बहुतेक एमआरसीपी सांगतील. तो एक प्रकारचा एमआरआय आहे, शरीरात काही घालावं लागत नाही. खडा सापडला तर ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, तो काढतात. कधी नलिकेत प्लॅस्टिकची नळी, स्टेंट, बसवतात. हा स्टेंट कायमचा नसतो, साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. घरी आल्यावर बरं वाटतं म्हणून लोक तो विसरतात, मग तो तुंबतो आणि थंडी-तापाने पुन्हा रुग्णालय गाठावं लागतं. बसवलाच तर काढायची तारीख फाइलवर ठळक लिहून घ्या.

तोवर गोळ्या-काढे थांबवा. अंगदुखीच्या गोळ्या, ‘लिव्हरची’ म्हणून मिळणारी पावडर, झाडपाल्याचा रस, काही नको. रक्तदाब, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, यादी डॉक्टरांना दाखवा.

घरच्या पट्टीबद्दल. निदानासाठी ती आणू नका. पुढे, उपचार झाल्यावर, लघवी सुधारतेय का हे पाहायला तिचा उपयोग होऊ शकतो, पण नीट वापरली तरच. औषधाच्या दुकानात सर्रास मिळते ती साखर आणि प्रथिनांची दोन चौकोनांची पट्टी, तिच्यात बिलिरुबिन नसतंच. दहा चौकोनांची मागा. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा, आतली ओल शोषणारी पुडी फेकू नका, बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका. ताज्या लघवीत पट्टी एक सेकंद बुडवा, डबीच्या काठाला कड घासून जादा थेंब निथळू द्या आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनातलं रसायन दुसऱ्यावर ओघळतं. घड्याळ लावून बिलिरुबिन साधारण ३० सेकंदांनी आणि युरोबिलिनोजेन ६० सेकंदांनी वाचा. बाटलीवर वेगळी वेळ छापली असेल तर ती पाळा. बिलिरुबिनचा रंग फिकट बदामी ते गुलाबीसर तपकिरी असा पुसट बदलतो, पिवळ्या बल्बखाली तो कळत नाही, दिवसाच्या उजेडात बघा. पाच मिनिटांनी दिसणारा रंग मोजायचा नाही. क्षयरोगाची रिफाम्पिसिन घेणाऱ्यांची लघवी नारिंगी होते आणि पट्टी फसू शकते. पण त्याच औषधांनी यकृताला सूजही येते, म्हणून अशा रुग्णाची लघवी चहासारखी झाली किंवा मळमळ सुरू झाली तर पट्टी बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना गाठावं.

त्यापेक्षा साधी खूण हवी असेल तर फेसाची. ताजी लघवी झाकणाच्या पारदर्शक डबीत अर्ध्यापर्यंत घेऊन जोरात हलवा. पाणी कमी प्यायल्याने गडद झालेल्या लघवीचा फेस पांढराच राहतो, बिलिरुबिन असेल तर पिवळा येतो. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनेही लघवी हिरवट पिवळी होते, म्हणून गोळी चालू असताना या खुणेवर विसंबू नये.

लॅबमध्ये नमुना पुन्हा द्यावाच लागला तर लॅबचीच कोरडी, नवी डबी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली २०-३० मिली लघवी घ्या, डबीला लगेच ॲल्युमिनियम फॉइल किंवा काळा कागद गुंडाळा आणि तासाभरात पोहोचवा. त्यासाठी लॅबमध्ये जाऊनच लघवी देणं सगळ्यांत उत्तम. बिलिरुबिनसाठी सकाळची घट्ट लघवी चांगली, युरोबिलिनोजेनसाठी दुपारी दोन ते चारमधली. क जीवनसत्त्वाची गोळी आणि आवळा निदान एक दिवस आधी बंद ठेवा, आणि चालू असलेली औषधं लॅबच्या कागदावर लिहून द्या.

चुन्याच्या पाण्याचं आता. चुन्याची निवळी अल्कधर्मी असते. हाताला आंब्याच्या सालीचा किंवा तसल्या वनस्पतीचा रस चोळून तिच्यात हात धुतले की रसातल्या द्रव्यांमुळे पाणी पिवळं होतं. ज्याला कावीळ नाही त्याच्या हातानेही होतं. घरात कुणाला खात्री हवी असेल तर तुमच्या यजमानांनी सासूबाईंच्या आधी स्वतःचे हात धुऊन घ्यावेत. बिलिरुबिन कातडीतून पाण्यात उतरत नाही. या उपायांवर लोकांचा विश्वास बसतो, कारण ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांमध्ये चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय शेवटी केलेल्या उपायाला जातं. अडलेला खडा असा आपोआप सुटेल म्हणून वाट पाहता येत नाही. वडीलधाऱ्यांशी भांडू नका. ‘तिकडे जायचं तर सोनोग्राफी झाल्यावर जाऊ’ एवढंच म्हणा. रिपोर्ट बघितल्यावर बहुतेक वेळा तो विषय मागे पडतो.

बाळाला सासूबाईंची कावीळ लागली असेल का? खड्याची कावीळ संसर्गजन्य नसते. ए आणि ई विषाणूंची कावीळ दूषित पाण्या-अन्नातून पसरते. २०१२ साली इचलकरंजीत पसरलेली साथ ई विषाणूचीच होती. तिथे हात धुणं आणि पाणी उकळणं महत्त्वाचं, तेवढं रिपोर्ट येईपर्यंत घरात पाळा. पण पाच आठवड्यांच्या बाळाचे डोळे पिवळे असण्याचं कारण घरातल्या आजीत शोधू नका, ते स्वतंत्रपणे तपासायला हवं, आणि तेही याच आठवड्यात.

‘अंगावरच्या दुधाची कावीळ’ खरी असते. तिच्यात बाळाची लघवी जवळजवळ पाण्यासारखी असते आणि शी मोहरीसारखी पिवळी. कारण तेच: वाढलेलं बिलिरुबिन कच्चं, ते लघवीत उतरत नाही. लंगोटावर लघवीचा पिवळा डाग पडत असेल किंवा शी पांढुरकी, राखाडी, फिकट पिवळी होत असेल तर मात्र बाळाच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत चालल्या असण्याची शक्यता असते. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया (जपानी सर्जन कासाई यांच्या नावाची) ६० दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहतं होण्याची शक्यता चांगली असते, उशीर होईल तशी ती कमी होत जाते. तुमच्या बाळाचे ३५ दिवस झालेत. चौदा दिवसांनंतर टिकलेली कोणतीही कावीळ असो, बाळ अंगाने भरलेलं, हसरं असलं तरी, रक्तातलं एकूण आणि डायरेक्ट बिलिरुबिन एकदा तपासायचंच असतं. टाच टोचून किंवा शिरेतून घेतलेलं थोडं रक्त पुरतं. डायरेक्ट वाढलेलं निघालं तर बाळाला कोवळ्या उन्हात धरून काही उपयोग नाही, बालरोगतज्ज्ञांकडून लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवायची चिठ्ठी घ्यायची. नणंदबाईंना सांगा, आज बाळाची शी झाली की लंगोट खिडकीपाशी नेऊन उजेडात बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सासूबाईंच्या बाबतीत एक पुढचं सांगून ठेवतो, म्हणजे तेव्हा गोंधळ नको. अडथळा सुटला की आधी संडासला रंग येतो आणि लघवी स्वच्छ होते. डोळे मात्र दोन-तीन आठवडे पिवळट राहू शकतात, कारण काही बिलिरुबिन अल्ब्युमिनला पक्कं जोडलं गेलेलं असतं आणि ते लघवीत न उतरता हळूहळूच कमी होतं. तेव्हा लघवीत बिलिरुबिन नाही पण डोळे पिवळे, हे चित्र चांगलं असेल. आज तेच चित्र चांगलं नाही, कारण संडास अजून पांढुरकी आहे आणि खाज थांबलेली नाही. दोन्ही लॅबचे कागद, औषधांची यादी आणि कळ आली ती तारीख घेऊन उद्या सकाळी उपाशीपोटी निघा.